वाळलेल्या होडीला दहापैकी दहा

ब्रॅनिगन्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

ती. कॉनीताईस,
धाकट्या लोरेटाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे मोजे आणि पत्र दोन्ही मिळाले. मोजे मापाचे आहेत, पत्र मात्र आखूड होतं. गिरणीतल्या यंत्रांनी तुझे कान नेले म्हणून फोन बंद, हे कबूल. पण हात तर शाबूत आहेत ना? की ऑन्टारिओत काही घडतच नाही? तुझ्यासाठी पार्ट्रिजबेरीचा जॅम करून ठेवला आहे. यंदा फळ जरा आंबट आहे, पण तुझा स्वभाव पाहता तुला चालेल.

इथलं ठीक म्हणायचं. कॉड मासा पकडण्यावर बंदी येऊन दुसरा उन्हाळा सरला. माणसं सवयीनं धक्क्यावर जातात, खिशात हात घालून उभी राहतात आणि जेवायच्या वेळी घरी येतात. फादर कीओंनी प्रवचनात धीर धरा म्हणून सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, की फादर, धीर तळून खाता येत नाही. सगळं चर्च हसलं, फादरसुद्धा.

शाळा मात्र यंदा रंगली आहे. आठवीला मी एक कादंबरी लावली आहे. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी आणि तिचा तिरसट आजोबा, अशी गोष्ट. लिहिणाऱ्या बाईला एक वाक्य सरळ लिहवेल तर शपथ. समुद्र जिभल्या चाटतो, वारा कडी वाजवून आत कोण आहे विचारतो, आणि आजोबांचा राग म्हणजे कुणीतरी गुपचूप लाकडं सारत राहिलेली चूल. माझ्यासारख्या मास्तरणीला पर्वणीच! मुलांनी असं वाक्य शोधायचं, कागद मधोमध दुमडायचा, डावीकडे वाक्य जसं लिहिलंय तसंच्या तसं चित्र काढायचं आणि उजवीकडे त्यातून खरं काय म्हणायचंय त्याचं. खाली उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती की अतिशयोक्ती, ते लिहायचं. पॉवरांच्या ड्यूईनं समुद्राला लांबलचक जीभ काढली आणि जिभेवर फादर कीओंना बसवलं. खाली लिहिलं, अतिशयोक्ती. मी म्हटलं, अरे, ही चेतनगुणोक्ती. तर म्हणतो, मिस, फादरांचं पोट नीट बघा, मग बोला.

पुढची पायरी म्हणजे कादंबरी मिटायची आणि आपल्या घरातल्या माणसावर तसंच वाक्य स्वतः रचायचं. आणि ताई, आपल्या जेनीनं काय केलं ठाऊक आहे? अँब्रोसदादाची ही पोर तेरा वर्षांची, वर्गात तोंड उघडत नाही. तिनं लिहिलं: माझे बाबा उतारावर ओढून ठेवलेल्या होडीसारखे आहेत; रोज थोडे वाळतात आणि फटींतून उजेड दिसतो. डावीकडे होडी, पुढच्या टोकाला नाळेवर बाबांची टोपी, फळ्यांच्या सांध्यांतून उन्हाच्या रेघा. उजवीकडे चुलीशेजारच्या कोचावर भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस, आणि त्याच्या बरगड्यांमधूनही तशाच रेघा. इतक्या वर्षांत असं काम माझ्या हातात आलं नव्हतं. दहापैकी दहा दिले. चौदा तारखेला पालकांना शाळा दाखवायची संध्याकाळ आहे, तेव्हा अगदी दारासमोर लावणार आहे. बघू दे गावाला, आपल्या घरात काय डोकं आहे ते.

मोज्यांइतकंच लांब पत्र पाठव, एवढं मागणं आहे तुझ्याकडे.

तुझी,
लोरेटा


गॉल्ट, ऑन्टारिओ
रविवार, १० ऑक्टोबर १९९३

चि. लोरेटास,
अ. उ. आ.

घे, लांब पत्र. इथं घडत नाही असं नाही, पण गिरणीत अमक्या यंत्राचा पट्टा तुटला हे तुला लिहून तू काय करणार? त्यातही उपमा शोधशील. जॅम पाठव. मागच्या वेळी झाकण सैल होतं आणि पोस्टमननं बोटं चाटली असावीत, तो आता माझ्याकडे फार गोड हसतो.

जेनीची हुशारी वाचून ऊर भरून आला. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट टोचली. तू चित्राबद्दल पानभर लिहिलंस, उपमेबद्दल लिहिलंस, दहा मार्कांबद्दल लिहिलंस. दादाबद्दल एक ओळ नाही. तो खरंच दिवसभर कोचावर असतो का? भिंतीकडे तोंड करून? मोनावहिनी तिच्या पत्रात फक्त थंडीबद्दल लिहिते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हा माणूस बाबा बुडाले तेव्हा चौदाव्या वर्षी त्यांच्या जागी वल्ही धरायला बसला. आपल्या दोघींना तो कधी दुपारी आडवा झालेला दिसला नाही.

पाण्याबाहेर राहिलेली होडी कशी वाळते ते तुला आणि मला कुणी शिकवायला नको. बाहेरून रंग ठीक दिसतो आणि आत बसलं की कळतं. पोरीनं जे पाहिलं ते खरं असेल तर मला चित्राचं कौतुक नंतर, आधी भीती वाटते.

तेव्हा विचारते, दारासमोर लावण्याआधी दादाला घरी नेऊन दाखवलंस ना? नसेल तर आधी दाखव. तो हसला तर लाव. नाही हसला तर ड्यूईचे फादर लाव दारात, ते कुणालाही चालतील.

पत्राला उशीर करू नकोस आणि बहिणीला विसरू नकोस.

कॉनी


ब्रॅनिगन्स कोव्ह
रविवार, १७ ऑक्टोबर १९९३

ती. कॉनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. कार्यक्रम गुरुवारी झाला. पोस्टाला दोष देऊन मोकळी झाले असते, पण दादाला आधी दाखवावं हे कळायला गॉल्टहून पत्र यावं लागतं का? तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो.

सगळं सांगते. दादा आला. ताई, तो दाढी करून, चर्चचा कोट घालून आला. वहिनी म्हणाली, जेनी आठवडाभर मागे लागली होती, बाबा चलाच, माझं चित्र पहिलं लावलंय. कित्येक दिवसांत तो घराबाहेर पडला नव्हता, तो माझ्या दारात आला. मी चहाची किटली घेऊन लोकांना वाढत होते. चित्रासमोर गर्दी होती आणि आधी सगळे हसतखेळत होते. मग दुकानवाली मर्सी हॅनरहान मोठ्यानं म्हणाली, अगं बाई, हा तर अँब्रोस, अगदी जसाच्या तसा! आणि मागे वळून पाहते तर तो उभा.

दादानं टोपी काढली. वाचायला त्याला वेळ लागतो, ओठ हलवत त्यानं सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे आला, कप घेतला, चहा छान झालाय म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला. कप पायरीवर ठेवलेला सापडला. तो भरलेलाच होता.

मला वाटलं धरणी दुभंगावी. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत मी चित्र काढून टाकलं. आता तिथं चार टाचण्यांची भोकं आणि एक रिकामा चौकोन आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या चौकोनाकडे पाहतो. चित्र होतं तेव्हा एवढे लोक थांबत नव्हते. जेनी आली, चौकोन पाहिला आणि मला विचारलं, की आत्या, माझं चुकलं होतं का. चुकलं नव्हतं म्हणावं तर काढलं का? चुकलं म्हणावं तर दहा मार्क कसले? मी म्हटलं, आपण नंतर बोलू. मास्तरणी असं तेव्हाच म्हणतात जेव्हा त्यांना काही येत नसतं.

दादा आता जेवताना ताट घेऊन मागच्या खोलीत जातो म्हणे. आज दुपारी खारवलेलं बीफ आणि कोबी घेऊन गेले तर वहिनीनं दारातच भांडं घेतलं. आत ये म्हणाली नाही. तिचंही बरोबर आहे.

मला काही सुचत नाही. रागावलीस तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

तुझी,
लोरेटा


ब्रॅनिगन्स कोव्ह
२१ ऑक्टोबर

चि. कॉनीस,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा काम असल्याशिवाय लिहिलं नसेल हेही समजशील. तुझ्या गिरणीत माणूस हवा आहे का ते विचार. झाडूवाला असला तरी चालेल. पाच नोव्हेंबरची टेकडीवरची होळी झाली की निघेन म्हणतो. मोना आणि पोर मागून येतील, किंवा नाही येणार.

होडी पोरांना देऊन टाकली आहे. यंदा टायर मिळत नाहीत म्हणून होळीला काही द्या म्हणत आली होती. म्हटलं, ‘हॅना रोज’ न्या, वाळलेलंच लाकूड आहे, भडकेल चांगलं. बाबांनी बांधलेली आहे हे मला सांगू नकोस. मला माहीत आहे.

तुला लोरेटानं चित्राचं सांगितलं असेलच. पोरीवर माझा राग नाही. तिनं दिसलं ते काढलं. पण त्या चित्राखाली लोरेटानं लाल शाईत लिहिलं होतं: अगदी खरं! घरात अशीच बारीक नजर ठेव. ते मी सगळ्या गावासमोर वाचलं. म्हणजे बाप कधी उठतो, कधी पडतो, यावर पोरीनं नजर ठेवायची आणि त्याचे मार्क मिळवायचे. आता ती स्वयंपाकघरात आली की मी कोचावरून उठून बसतो. मी उठलेला पाहिला की ती मागे फिरते. दोघंही तोंड लपवतो. असं एका घरात राहता येत नाही.

लोरेटाला यातलं कळवू नकोस. तिचं शिक्षण आहे, तिला काय सांगायचं.

प्रकृतीला जप. आईच्या आठवणीच्या दिवशी मेणबत्ती लाव, मी इथं लावतो.

अँब्रोस


गॉल्ट
बुधवार, २७ ऑक्टोबर १९९३

चि. लोरेटास,
अ. उ. आ.

दादाचं पत्र आलं. माझ्या उभ्या आयुष्यातलं त्याचं तिसरं. तुला कळवू नकोस म्हणाला आहे, म्हणून सगळं कळवते. तो इथं गिरणीत झाडू मारायला यायचं म्हणतो आणि ‘हॅना रोज’ पाच तारखेच्या होळीत घालायला पोरांना देऊन बसला आहे. बाबांची होडी. आईचं नाव असलेली. वाचून मी जिन्यातच बसले.

लोरे, लाल शाईचं तू मला लिहिलं नव्हतंस. दोन पत्रं लिहिलीस, चहाची किटली लिहिलीस, टाचण्यांची भोकं मोजलीस, आणि घरात अशीच बारीक नजर ठेव हे तेवढं राहून गेलं? तुला हे ठाऊक होतं आणि तुला लाज वाटत होती, म्हणून राहिलं. लाज वाटली हे बरं झालं. निदान आपल्या आईची मुलगी आहेस एवढं कळलं.

पोरीनं बापाकडे प्रेमानं पाहिलं. तू त्या पाहण्याला हेरगिरी करून टाकलंस. रागानं लिहिते आहे, पण खोटं लिहीत नाही.

आता तू माफी मागायला जाशील, दार लावून, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. हा कुठला न्याय गं? त्याला उभं केलंस सगळ्या गावासमोर आणि माफी मागायची चुलीमागे? एवढं मोठं अंगण झाडायचं तर झाडूही अंगणात घेऊन यायला हवा. तो भिंतीवर चढला होता, आता तू चढ. कसं ते मला विचारू नकोस, मी सातवी नापास.

इथं गिरणीत माणसं कमी करताहेत. आणि नोकरी असती तरी मी त्याला ये म्हटलं नसतं. तिथं कोचावर पडतो, इथं माझ्या सोफ्यावर पडेल, एवढाच फरक. वर इथं खिडकीतून पाणीसुद्धा दिसत नाही.

होळीला फार दिवस उरले नाहीत. राग ओसरला की लोभ तेवढाच राहील, काळजी नको.

कॉनी


ब्रॅनिगन्स कोव्ह
बुधवार, ३ नोव्हेंबर १९९३

ती. कॉनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. एक शब्दही जास्त नाही.

आणि अजून एक आहे, जे तुला दादानंही लिहिलं नसेल कारण त्याला ते ठाऊक नाही. जेनीनं पहिल्यांदा ते वाक्य लिहिलंच नव्हतं. तिनं लिहिलं होतं, माझे बाबा खडकासारखे मजबूत आहेत. मी त्यावर लाल रेघ मारली. झिजलेली उपमा, असं लिहिलं. घरी जा, बाबांकडे नीट बघ आणि जे खरंच दिसतं ते लिही, असं सांगितलं. ती दोन दिवस कागद कोरा घेऊन बसली होती. मी दोनदा हटकलं. बापाला खडक म्हणून झाकायला पाहत होती ती पोर, ताई, आणि मी ते पांघरूण ओढून काढलं. तिसऱ्या दिवशी तिनं होडी आणली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, कागदाकडे पाहिलं.

माफी मागायला मी तुझं पत्र यायच्या आधीच गेले होते. अगदी तू लिहिलंस तशी, चुलीमागे. दादा कोचावर होता. मी रडतरडत बोलले. त्यानं भिंतीकडचं तोंड न वळवता विचारलं, की मास्तरीणबाई, या माफीला दहापैकी किती द्यायचे. मी निघून आले.

आज सकाळी आठवीला सांगितलं, आज मिस गृहपाठ करणार आहे आणि तुम्ही तपासायचा आहे. मुलं खूश. कागद दुमडला, फळ्याला टाचला आणि सगळ्यांसमोर चित्र काढलं. वाक्य लिहिलं: मिस लोरेटा सीगलसारखी आहे, माणसं मासे साफ करत असतात, ती वर घिरट्या घालते, आणि कुणाचं आतडं हाती लागलं की ते चोचीत धरून सगळ्या गावाला ओरडून दाखवते. डावीकडे सीगल, उजवीकडे मी, हातात लाल पेन. खाली लिहिलं, उपमा. मग मुलांना सांगितलं, की जेनीचं चित्र भिंतीवरून उतरवलं ते तिचं चुकलं म्हणून नाही, माझं चुकलं म्हणून. घरात नजर ठेव असं कुठल्याही मुलाला सांगणं हे शिक्षकाचं काम नाही. आणि ज्याचं चित्र आहे त्याला विचारल्याशिवाय ते टांगायचं नाही.

ड्यूईनं हात वर केला आणि म्हणाला, मिस, वाक्य छान आहे, पण ती कोंबडी आहे. सगळ्यांनी चर्चा करून सहा मार्क दिले, वाक्याचे पाच आणि प्रयत्नाचा एक. त्या रिकाम्या चौकोनात, त्याच भोकांत टाचण्या घालून मी ते लावलं आहे. दुपारपर्यंत अर्धं गाव काही ना काही निमित्त काढून शाळेत येऊन गेलं. मर्सी हॅनरहान तर दोनदा. उभं राहून वाचतात, मग माझ्याकडे पाहतात. दादाला त्या संध्याकाळी काय वाटलं असेल ते आता अंगावर घेऊन फिरते आहे, आणि मी तर हे स्वतः होऊन निवडलं.

जेनीनं तासभर मान वर केली नाही. पोरांनी दोरखंड नेऊन ‘हॅना रोज’च्या शेजारी ठेवले आहेत. परवा ओढत टेकडीवर नेणार. मी पोरांना अडवू शकते, पण दादानं शब्द दिला आहे आणि या गावात दिलेला शब्द दुसऱ्यानं मोडायचा नसतो.

प्रार्थना कर. आणि माझ्यावरचा लोभ पूर्ण गेला नसेल तर उरलासुरला सांभाळून ठेव.

लोरेटा


ब्रॅनिगन्स कोव्ह
शनिवार, ६ नोव्हेंबर

ती. कॉनीआत्यास,
जेनीचा सा. न.

आईनं सांगितलं की तुला आजच लिही, नाहीतर तू काळजीनं आजारी पडशील. आणि बाबा म्हणाले की त्यांनी महिन्याभराचं लिहिण्याचं काम केलेलं आहे, आता माझी पाळी.

गुरुवारी बाबा जेवणाचं ताट घेऊन मागच्या खोलीत गेले नाहीत, टेबलाशी बसले. मी उठायला लागले तर म्हणाले, बस. मग विचारलं, की तुझ्या आत्यानं कुठला पक्षी काढलाय म्हणे. मी सांगितलं. आतडं चोचीत धरून ओरडते, हे सांगितलं तेव्हा ते हसले. ड्यूई कोंबडी म्हणाला ते सांगितलं तेव्हा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईनं पाठीवर थापट्या मारल्या. आई पण हसत होती आणि डोळे पुसत होती.

मग ताट बाजूला सारून म्हणाले, तुझ्या चित्रातला उजेड तू कुठून पाहिलास? मी म्हटलं, होडीखाली आडवं होऊन. मी दुपारची तिथं जाऊन पडते, तिथं वारा लागत नाही. आणि घरात तुम्ही मला पाहिलं की उठून बसता. हे मला बोलायचं नव्हतं पण बोलून गेले. बाबा उठले. कोट घातला आणि मला म्हणाले, दाखव.

आम्ही दोघं होडीखाली शिरलो आणि पाठीवर पडलो. ऊन उतरायला आलं होतं पण रेघा दिसत होत्या. बाबांनी एकेका फटीत बोट घालून पाहिलं. मी घाबरले होते. मग म्हणाले, पोरी, बरोबर काढलंस, फक्त नाळेजवळची एक विसरलीस. तीच सगळ्यात मोठी आहे. आणि मग बराच वेळ आम्ही तसेच पडून राहिलो. मला रडू आलं, त्यांनी त्यांची टोपी माझ्या तोंडावर ठेवली म्हणजे कुणाला दिसू नये. तिथं कुणीच नव्हतं तरी.

काल सकाळी भरतीच्या वेळी बाबांनी शेजारचे गस आणि लॅरीकाका यांना बोलावलं. तिघांनी होडी उतारावरून पाण्यात सोडली. खालचं बूच बाबांनी स्वतः उपटलं. ती आधी तिरकी झाली, मग भरत भरत गेली आणि उथळ पाण्यात तळाला बसली. आता फक्त नाळ वर दिसते, तीही भरती आली की नाही. बाबांनी नाळेला दोर बांधून धक्क्याला अडकवला आहे. गसकाका म्हणाले, अँब्रोस, फळ्या पाण्यानं फुगून फटी बुजायला वेळ लागेल. बाबा म्हणाले, मला कुठं जायचंय.

संध्याकाळी पोरं ओढायला आली तर उतार रिकामा. ती नुसती बघत राहिली. बाबा म्हणाले, होळीला वाळलेलं लाकूड देईन म्हणालो होतो, शब्द पाळतो. आणि आत येऊन चुलीशेजारचा कोच उचलला. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आई दारात आडवी आली, म्हणाली, अरे देवा, आता मी मोजे विणायला कुठं बसू? बाबा म्हणाले, खुर्ची करून देतो. टेकडीवर जाईपर्यंत आम्ही चारदा थांबलो. कोच होळीवर सगळ्यात वर ठेवला. तो खूप छान जळला, आत्या. आत पेंढा होता.

लोरेटाआत्या जरा लांब उभी होती. बाबांनी तिला हाक मारली नाही. पण गरम बटाटे वाटत होते तेव्हा तिचा बटाटा त्यांनी माझ्या हाती पाठवला.

तू उन्हाळ्यात ये. जॅम लवकर संपवू नकोस.

तुझी,
जेनी


ब्रॅनिगन्स कोव्ह
सोमवार, ८ नोव्हेंबर १९९३

ती. कॉनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

होळीचं जेनीनं लिहिलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. तिच्याइतकं साधं मला जमणारही नाही. मी दुरून पाहिलं आणि तो बटाटा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. खाल्ला तेव्हा थंड झाला होता.

दादा माझ्याशी अजून बोललेला नाही. काल चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसला आणि मागे वळला नाही. मी मनाशी म्हटलं, चार दिवसांत सगळं मिटावं ही अपेक्षा करणारी तू कोण? फळ्या फुगायला वेळ लागतो.

आज सकाळी शाळा उघडली. माझं चित्र होतं तिथंच होतं, पण त्याच्या खाली काहीतरी लिहिलेलं होतं. शुक्रवारी दुपारी शाळा झाडणाऱ्या नेडनं एका गृहस्थाला आत सोडलं होतं म्हणे. त्यानं पेन मागितलं, नेडनं माझ्या टेबलावरचं लाल पेन दिलं. अक्षर तू ओळखशील, एकेक काना खुंटीसारखा ठोकलेला. लिहिलं आहे: कोंबडी बरी आहे. दहापैकी चार. पोरीचं परत लाव, ते खरं होतं.

ताई, मी दारातच उभी राहून वाचलं, ओठ हलवत, दादासारखी. खरं ‘होतं’ असं लिहिलंय त्यानं, ‘आहे’ असं नाही. मग मुलं यायला लागली म्हणून तोंड धुऊन आले.

जेनीला बाजूला घेऊन दाखवलं आणि विचारलं, की लावू का. दहापैकी दहाचं ते चित्र मी कपाटात जपून ठेवलं आहे, लाल ओळ तेवढी कापून टाकली आहे. तिनं जरा विचार केला आणि नको म्हणाली. मग दप्तरातून दुसरा दुमडलेला कागद काढला. डावीकडे पाणी, त्यात बुडालेली होडी, पाण्याबाहेर फक्त नाळ आणि धक्क्याला बांधलेला दोर. उजवीकडची बाजू कोरी. ती काही बोलायच्या आतच माझ्या तोंडात आलं होतं, की अर्धं का सोडलंस, उजवीकडे अर्थ काढायचा असतो, खाली प्रकार लिहायचा असतो. हात पेनाकडे गेलासुद्धा.

मी पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. तिनं सांगितलं, की हे भिंतीसाठी नाही, वसंतात होडी वर आली की उजवीकडचं काढीन, आणि तेव्हाही आधी बाबांना दाखवीन. मग तिनं तो कागद घडी करून परत दप्तरात ठेवला. मी मार्क दिले नाहीत.

जॅमची झाकणं या वेळी घट्ट लावली आहेत. तुझा लोभ दहापैकी जितका माझ्या वाट्याला येईल तितका दे, तक्रार करणार नाही.

तुझी धाकटी,
लोरेटा